अपरिचित वाद्य आणि अध्यापनाचा अधिकार

१

जी विद्या स्वतःला अवगत नाही ती दुसऱ्याला शिकविण्याचा अधिकार कोणाला असू शकतो काय? या प्रश्नाला तत्काळ नकारार्थी उत्तर देण्याचा मोह होतो. अध्यापन म्हणजे ज्याच्यापाशी आहे त्याने ज्याच्यापाशी नाही त्याला देणे, ही दानाची प्रतिमा सर्वसाधारण विचारात खोलवर रुजलेली आहे. आणि रिकाम्या ओंजळीतून दान संभवत नाही. प्रत्यक्ष शिक्षणव्यवहार मात्र या प्रतिमेत बसत नाही. शिक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला केव्हातरी असा विषय येतोच की, ज्यात त्याच्यात आणि त्याच्या विद्यार्थ्यात फार तर दोन पाठांचे अंतर असते. हे अंतर नैतिकदृष्ट्या पुरेसे आहे का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे अगदी शुद्ध स्वरूप अमेरिकेतील शालेय संगीतशिक्षणात पाहावयास मिळते. तेथील अनेक सार्वजनिक शाळांत चौथी ते सहावीच्या सुमारास मुलांच्या हाती वाद्य दिले जाते आणि त्यांचा एकत्रित वाद्यवृंद बांधला जातो. संगीतशिक्षकाला मिळणारा परवाना अनेक राज्यांत एखाद्या वाद्यापुरता नसून ‘संगीत’ या संपूर्ण विषयाचा असतो. त्यामुळे प्रशिक्षण घेणाऱ्याने एकच वाद्य वर्षानुवर्षे साधनेने आत्मसात केलेले असते आणि उरलेल्या वाद्यसमूहांची ओळख एखाद्या सत्राच्या अभ्यासक्रमातून करून घेतलेली असते. छात्राध्यापनाच्या काळात त्याला एखाद्या शाळेत मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली उभे राहावे लागते. दहा वर्षे बासरी, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची आडवी फ्लूट, वाजविणारी एखादी छात्राध्यापिका अशा वेळी क्लॅरिनेट प्रथमच हाती धरणाऱ्या आठ-दहा मुलांसमोर उभी राहते. क्लॅरिनेट तिने स्वतः काही आठवड्यांपूर्वीच हाती घेतलेले असते.

ही छात्राध्यापिका अडाणी नाही. तिला स्वरज्ञान आहे, लयीची जाण आहे, स्वरलिपी ती सहज वाचू शकते. संगीत तिला येते. हे वाद्य येत नाही. म्हणजे तिचे अज्ञान संपूर्ण नसून ज्ञानाच्या मध्यभागी पडलेल्या पोकळीसारखे आहे. असे अज्ञान निखळ अज्ञानापेक्षा अधिक विचारार्ह असते, कारण आजूबाजूचे ज्ञान त्या पोकळीला सहज झाकू शकते.

२

ही पोकळी नेमकी कोठे आहे हे वाद्याच्या घडणीतूनच समजून घ्यावे लागते. फ्लूटमध्ये अधिक जोराची व अरुंद फुंकर मारली असता तोच स्वर एका सप्तकाने वर जातो. क्लॅरिनेटची नळी दंडगोल असते आणि रीडच्या बाजूने ती ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे डाव्या अंगठ्याची कळ दाबताच स्वर सप्तकाने चढत नाही. तो मूळ स्वरापासून सप्तकातील स्वर मोजत गेल्यास बाराव्या स्वरावर जातो. षड्ज वाजत असेल तर तार षड्ज न येता तार सप्तकातील पंचम येतो. म्हणजे एकाच बोटांच्या ठेवणीला खालच्या आणि वरच्या भागात निराळी स्वरनामे असतात. फ्लूटवादिकेच्या बोटांना दहा वर्षे जे गृहीत होते तेच येथे दिशाभूल करते. शिवाय नवशिक्यांच्या फ्लूटवरील छिद्रे सामान्यतः कळांनी झाकली जातात. क्लॅरिनेटवरील बरीचशी छिद्रे बोटांच्या मांसल पेरांनी स्वतः झाकावी लागतात. फ्लूटला रीड नाही; क्लॅरिनेटचा सारा स्वर रीडच्या कंपनावर आणि तिला धरणाऱ्या ओठांच्या ठेवणीवर उभा असतो.

आता वर्गात एका मुलाचा स्वर चिरकतो. चिरकला हे छात्राध्यापिकेला इतर कोणाहीपेक्षा लवकर आणि अचूक कळते. तिचा कान तयार आहे. पण का चिरकला? रीड कोरडी राहिली असेल, तिचे टोक तुटले असेल, माउथपीस तोंडात प्रमाणाबाहेर आत गेला असेल, एखादे छिद्र अर्धवट उघडे राहिले असेल किंवा बाजूच्या कळीवर हाताचा नकळत दाब पडला असेल. कानाला परिणाम कळतो, कारण कळत नाही. जाणकार वादक मुलाच्या हनुवटीकडे आणि अनामिकेकडे एक दृष्टिक्षेप टाकून कारण सांगतो. छात्राध्यापिकेला ते एकेक करून तपासावे लागते. तिच्यापाशी निकष आहे, निदान नाही. अज्ञाताच्या अध्यापनाची संपूर्ण समस्या या एका वाक्यात सामावलेली आहे.

याहून गंभीर बाब अशी की, सर्वच दोष आवाज करीत नाहीत. खालच्या दातांवर ओठ आवळून रीड चावण्याची सवय प्रारंभी सोयीची वाटते. त्या बळावर खालच्या भागातील स्वर निघतातही. स्वर किंचित चढा आणि पातळ होतो, एवढेच. गालात हवा भरून फुंकणाऱ्याचेही असेच. खालच्या भागातून वरच्या भागात जाण्याचा तो कठीण सांधा येतो, जेथे जवळजवळ सर्व छिद्रे उघडी असलेल्या स्वरावरून लगेच सर्व छिद्रे झाकलेल्या स्वरावर उतरावे लागते, तेथे या सवयींचे मोल चुकवावे लागते. तोवर काही महिने लोटलेले असतात. छात्राध्यापिकेचे सत्र संपून ती निघून गेलेली असते. तिने पेरलेला दोष दुसऱ्याच कोणाच्या वर्गात उगवतो आणि मूल त्याचा दोष स्वतःकडे घेते: ‘मला हे वाद्य जमत नाही.’ आपल्या कृतीचे परिणाम कर्त्याला कधी दिसूच नयेत अशी ही रचना आहे. नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

३

‘अज्ञान हा अध्यापनातील अडथळा नव्हे’ असे प्रतिपादन करणारी एक प्रभावी विचारधारा गेल्या काही दशकांत साहित्यसिद्धान्ताच्या परिसरात चर्चिली गेली आहे. झाक राँसिएर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अज्ञ गुरू’ या आशयाच्या शीर्षकाच्या ग्रंथात झोझेफ झाकोतो या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अध्यापकाचा प्रयोग पुनरुज्जीवित केला. क्रिस्टिन रॉस यांच्या १९९१ मधील इंग्रजी अनुवादामुळे तो दूरवर पोहोचला. १८१८ मध्ये लूव्हाँ येथे झाकोतोपुढे असे विद्यार्थी होते की त्यांना फ्रेंच येत नव्हते आणि झाकोतोला त्यांची भाषा येत नव्हती. ‘तेलेमाक’ या फेनलाँच्या कृतीची द्विभाषिक आवृत्ती त्याने त्यांच्या हाती दिली. अनुवादाच्या साहाय्याने विद्यार्थी मूळ संहिता आपली आपण शिकले आणि फ्रेंचमध्ये समर्थपणे लिहू लागले. त्यानंतर झाकोतोने आपल्याला अवगत नसलेले विषय शिकविण्याचा सपाटाच लावला. चित्रकला आणि पियानो हे त्यांपैकी दोन. राँसिएर यांनी काढलेला निष्कर्ष असा की, स्पष्टीकरण देणारा गुरू विद्यार्थ्याला उपकृत करीत नाही, तर त्याच्या बुद्धीला आपल्या बुद्धीच्या हाताखाली आणतो. सर्वांची बुद्धी समान आहे हे गृहीत धरून विद्यार्थ्याच्या इच्छाशक्तीला जागे ठेवणे एवढेच गुरूचे कार्य. त्यासाठी विषयाच्या ज्ञानाची आवश्यकता नाही.

या मांडणीतील मुक्तीचे आवाहन नाकारण्याजोगे नाही. पण क्लॅरिनेटच्या वर्गात ती कितपत टिकते हे तपासले पाहिजे. झाकोतोचे विद्यार्थी प्रौढ होते. फ्रेंच शिकण्याची इच्छा त्यांनी स्वतःहून व्यक्त केली होती. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या हाती द्विभाषिक ग्रंथ होता. गुरू अज्ञ असला तरी ग्रंथ अज्ञ नव्हता; डाव्या पानावर चूक झाली तर उजवे पान ती दाखवून देत होते. शरीराला असे समोरासमोरचे पान नसते. ओठांच्या आत रीडवर किती दाब पडतो हे ना मुलाला दिसते, ना पुस्तकातील आकृतीला ते सांगता येते. झाकोतोची पद्धत ज्या पडताळणीवर उभी आहे ती पडताळणी येथे विद्यार्थ्यापाशीही नाही आणि गुरूपाशीही अर्धीच आहे. पियानोची गोष्ट निराळी: कळ दाबली की स्वर तयारच असतो. क्लॅरिनेटवर स्वर आधी घडवावा लागतो.

यातून राँसिएर यांचा सिद्धान्त खोटा ठरत नाही. त्याची सीमा स्पष्ट होते. बुद्धीची समानता मान्य केली तरी सवयींची समानता सिद्ध होत नाही. बुद्धीची चूक लक्षात येताच सुटू शकते. स्नायूंची चूक लक्षात आल्यानंतरही टिकून राहते.

४

भारतीय परंपरेत हा प्रश्न ‘अधिकार’ या संज्ञेभोवती फिरत आला आहे. मुण्डकोपनिषद गुरूच्या ठायी दोन गुण अपेक्षिते: तो श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठही असावा. म्हणजे परंपरेने आलेली संहिता त्याला ज्ञात असावी आणि तिच्यातील आशय त्याने जगलेलाही असावा. ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांचा कलह राजासमोर येतो, तेव्हा परिव्राजिका जे विवेचन करते ते याच द्वैताचे लौकिक रूप आहे. काहींची विद्या त्यांच्या स्वतःच्या ठायी उत्तम वसते, काहींचे कौशल्य ती दुसऱ्यात संक्रांत करण्यात असते; ज्याच्यापाशी दोन्ही आहे तो शिक्षकांमध्ये अग्रस्थानी बसविण्यास योग्य. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणारा शार्ङ्गदेव गायकांचे पाच प्रकार सांगतो, त्यात शिक्षाकार हा स्वतंत्र प्रकार आहे. अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक त्याहून निराळे. शिकविण्याची क्षमता ही गाण्याच्या क्षमतेची आपोआप मिळणारी छाया नव्हे, हे या परंपरेला पुरते ठाऊक होते.

परंतु कालिदासाच्या वर्गवारीत एक घर रिकामे आहे. विद्या आहे आणि संक्रमण नाही, संक्रमण आहे आणि विद्या मध्यम आहे, दोन्ही आहे, अशा शक्यता तेथे विचारात येतात. जिची विद्या आज घडते आहे आणि संक्रमणही आजच करावयाचे आहे अशी शिक्षिका तेथे येत नाही. आधुनिक शिक्षणसंस्थेने हे घर निर्माण केले आणि त्यात माणसे बसविली.

प्लेटोच्या ‘थिएटिटस’मध्ये सॉक्रेटिस स्वतःला सुईण म्हणवतो, तो भाग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. स्वतः ज्ञानाला जन्म न देता इतरांच्या ज्ञानाला जन्म देणारा, अशी त्याची ख्याती. पण त्याच ठिकाणी तो असेही सांगतो की, अर्टेमिस देवतेने वांझ स्त्रियांना सुईणपण दिले नाही. ज्यांचे प्रसूतीचे वय सरले आहे त्यांनाच दिले, कारण जे अनुभवले नाही त्यात कौशल्य मिळविण्याइतका मानवी स्वभाव समर्थ नाही. पुढे लगेच तो स्वतःला ज्ञानाच्या बाबतीत वांझ म्हणवून घेतो. ही विसंगती अनवधानाची असो वा हेतुपूर्वक योजलेली असो, समस्या तिने नेमकी पकडली आहे: अनुभवाशिवाय साहाय्य करता येत नाही, आणि तरीही साहाय्य करणारा रिता असतो.

या विसंगतीतून वाट काढणारे एक उदाहरण हिंदुस्थानी संगीतात आहे. अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवीत. मुंबईत त्यांनी ज्यांना शिकविले त्यांत हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर हे बासरीवादक होते. त्या बासरी वाजवून दाखवीत नसत, गाऊन शिकवीत. मैहर परंपरेत सतार, सरोद, बासरी या वाद्यांमागे एकच रागविद्या उभी असल्याने हे शक्य झाले. गुरूने राग दिला, शिष्याने तो आपल्या वाद्यावर उतरविला. मात्र या उदाहरणाचा आधार छात्राध्यापिकेला जेवढा वाटतो तेवढा मिळत नाही. चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे आले तेव्हा ते नाणावलेले वादक होते. त्यांची फुंकर आणि बोटे आधीच घडलेली होती. वाद्याच्या पलीकडचे काही शिकावयाचे असेल तर त्या वाद्याबाहेरचा गुरू चालतो, कित्येकदा तोच हवा असतो. नवशिक्याला मात्र अद्याप वाद्याच्या अलीकडचेच शिकावयाचे असते. लोकव्यवहार याच्या नेमका उलट चालतो: प्रगत विद्यार्थ्याला तज्ज्ञ हवा आणि नवशिक्याला कोणीही चालेल, असे मानले जाते. वस्तुतः ज्याचे काहीच घडलेले नाही त्याच्याच बाबतीत सर्वात अधिक घडविले जाते, आणि म्हणून सर्वात अधिक बिघडूही शकते.

५

असे असले तरी पारडे एकाच बाजूला झुकलेले नाही. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांत केलेला भेद, आणि मायकेल पोलान्यी यांची अव्यक्त ज्ञानाची संकल्पना, यांच्या प्रकाशात तज्ज्ञाची एक उणीव दिसू लागते. कौशल्य जितके मुरते तितके ते वाणीच्या आवाक्याबाहेर जाते. विट्गेनस्टाइन यांनी ‘तत्त्वज्ञानात्मक अन्वेषणां’मध्ये जाणणे आणि सांगता येणे यांतील अंतर दाखविण्यासाठी क्लॅरिनेटच्याच नादाचे उदाहरण घेतले आहे. पर्वताची उंची ज्याला माहीत आहे त्याला ती सांगता येते. क्लॅरिनेटचा नाद ज्याला माहीत आहे त्याला तो सांगता येईलच असे नाही. वीस वर्षे वाजविणारा वादक ‘असे धर’ म्हणून दाखवितो. त्या ‘असे’मध्ये काय काय दडले आहे हे तो स्वतः विसरलेला असतो. आपल्याला कधीकाळी हे कठीण गेले होते ही स्मृतीच कौशल्याने पुसून टाकलेली असते.

छात्राध्यापिकेची स्मृती अजून ओली असते. अनामिकेखालचे छिद्र झाकले गेले की नाही हे न पाहता कसे ओळखावे, हे तिने गेल्याच आठवड्यात शोधलेले असते, आणि त्या शोधाचे शब्द तिच्यापाशी असतात. शिनिची सुझुकी यांनी व्हायोलिनच्या शिक्षणात आईवडिलांना दिलेले स्थान याच जाणिवेतून आलेले आहे. सुझुकी यांच्या पद्धतीत मुलाच्या आधी पालकाने व्हायोलिन हाती घ्यावयाचे आणि निदान एक रचना वाजविण्याइतपत शिकावयाचे असते. घरी मुलाचा सराव तोच पालक घेतो. पालक वादक होत नाही, व्हावा अशी अपेक्षाही नाही. गजावरचा हात अवघडतो म्हणजे काय होते हे त्याने आपल्या खांद्यात अनुभवलेले असावे, एवढीच अपेक्षा असते. पण सुझुकी यांनी पालकाला एकटे सोडलेले नाही. वर्गात खरा शिक्षक असतोच. पालकाचे अपुरे ज्ञान त्याच्या नजरेखाली काम करते.

यातून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. ‘दोन पाठ पुढे असणे’ याचे दोन अर्थ आहेत. पहिल्या अर्थी शिक्षक पुस्तकाची दोन पाने आधी वाचून येतो. दुसऱ्या अर्थी तो ती दोन पाने आपल्या शरीरातून नेऊन आणतो: ओठ दुखेपर्यंत फुंकतो, चिरकतो, कारण शोधतो, पुन्हा फुंकतो. पहिल्यापाशी उत्तरे असतात, दुसऱ्यापाशी चुका असतात. नवशिक्याला शिकविताना चुकांचा साठा अधिक मोलाचा ठरतो, कारण निदान ज्याला म्हणतात ते दुसरे काही नसून स्वतः केलेल्या चुकांची नीट लावलेली यादी असते. कान आणि कारण यांच्यातील पोकळी या एकाच मार्गाने भरते.

६

आता नैतिक प्रश्नाकडे परत येता येईल. प्रथमदर्शनी असे वाटते की, सारा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे: अज्ञान लपविणे अनैतिक, कबूल करणे नैतिक. पण ‘मलाही हे नवीन आहे’ असे दहा वर्षांच्या मुलाला सांगितल्याने त्याच्या हाती काय पडते? त्याला दुसरा वर्ग निवडता येत नाही. कोणत्या सूचनेवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाही हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. तो शिक्षिकेच्या शब्दावर आपले ओठ ठेवतो. जी संमती नाकारता येत नाही तिला संमती म्हणता येत नाही. त्यामुळे कबुलीने सांगणाऱ्याचे मन हलके होते, ऐकणाऱ्याचे संरक्षण होत नाही. मुलापुढील कबुली आवश्यक असली तरी अपुरी आहे. कबुलीची खरी जागा मार्गदर्शक शिक्षकापुढे आहे, कारण तिचा उपयोग तो करू शकतो. नेमकी हीच कबुली सर्वात कठीण असते, कारण तेथे मूल्यमापन होणार असते. छात्राध्यापिकेचे गुण आणि मुलांचे हित येथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. अज्ञान उघड करणाऱ्याला जी व्यवस्था दंड करते, ती त्याच्या मौनाची किंमत मुलांकडून वसूल करीत असते.

कांटची कसोटी लावली तर प्रश्न आणखी टोकदार होतो. छात्राध्यापनात मुले ही कोणाच्या तरी शिकण्याचे साधन असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वैद्यकाचा विद्यार्थीही प्रत्यक्ष रुग्णावरच शिकतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, एवढेच कांट सांगतो. ‘केवळ’ या शब्दावर सारा भार आहे. मूल केवळ साधन ठरू नये यासाठी त्याच्या हिताची राखण करणारे कोणीतरी वर्गात असावे लागते, आणि छात्राध्यापिकेला स्वतःच्या पाठाच्या यशापेक्षा मुलाच्या ओठांकडे अधिक पाहावे लागते. बाहेरून सुरळीत दिसणारा पाठ आणि मुलाच्या हिताचा पाठ हे एकच नसतात. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तेथे थांबून ‘उद्या विचारून सांगते’ म्हणणारा पाठ निरीक्षकाला विस्कळीत वाटेल. पण त्या क्षणी तोच अधिक सचोटीचा असतो.

मग जोवर वाद्य पूर्ण अवगत नाही तोवर शिकवूच नये, असा नियम का करू नये? कारण अधिकाराच्या कठोर कल्पनेलाही तिचा इतिहास आहे. लहान शाळेत एकच संगीतशिक्षक असतो; त्याने जाणीत नसलेली वाद्ये शिकविण्यास नकार दिला तर ती वाद्ये तज्ज्ञाकडे जात नाहीत, नाहीशी होतात. खाजगी शिकवणी ज्यांना परवडते त्यांच्याकडेच ती उरतात. महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज नाही. ‘अधिकारी’ कोण याची चिकित्सा करणाऱ्या परंपरेने बहुसंख्यांना शतकानुशतके विद्येच्या दाराबाहेर उभे केले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे वय सतरा वर्षांचे होते आणि त्यांना स्वतःला अक्षरओळख होऊन फार काळ लोटला नव्हता. पूर्ण अधिकाराची वाट पाहिली असती तर ती शाळा निघालीच नसती. मात्र याचा विपर्यासही तितकाच सोपा आहे. ‘यांना एवढे पुरे’ म्हणून वंचितांच्या वाट्याला कायमचा अर्धशिक्षित शिक्षक देणे हा त्याच जुन्या नकाराचा सभ्य अवतार होय. अपुरे ज्ञान प्रारंभ म्हणून समर्थनीय ठरते, व्यवस्था म्हणून नाही.

म्हणून अधिकार ही एकदा मिळणारी आणि मग खिशात राहणारी वस्तू न मानता चार गोष्टींनी रोज सिद्ध करावयाची स्थिती मानणे अधिक योग्य ठरेल. शिकविण्यापूर्वी ते वाद्य स्वतःच्या शरीरात चुकून पाहिलेले असावे. आपले ज्ञान कोठे संपते याची रेषा स्वतःला स्पष्ट असावी आणि ती जाणकारापुढे उघड करण्याची तयारी असावी. ज्या सवयी पुढे सुटत नाहीत त्यांच्याबाबत, म्हणजे ओठ, श्वास आणि हातांची ठेवण यांच्याबाबत, अंदाजाने काहीही सांगू नये. स्वरलिपी, लय, श्रवण यांत आपल्या ज्ञानाने मोकळेपणी वावरावे. आणि विद्यार्थी त्या रेषेजवळ येताच त्याला पुढच्या हाती सोपवावे. चौथी अट सर्वात दुष्कर आहे, कारण जो विद्यार्थी सोडवत नाही तोच सहसा सोपविण्याच्या वेळेला आलेला असतो.

७

साहित्याच्या अध्यापकाला हा वर्ग दूरचा वाटू नये. १९८२ मध्ये ‘येल फ्रेंच स्टडीज’च्या अध्यापनविषयक विशेषांकात बार्बरा जॉन्सन आणि शोशाना फेल्मन यांनी अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव नव्हे, ते अध्यापनाच्या रचनेतच गुंतलेले असते, या दिशेने विचार मांडला. मराठी विभागांतून संरचनावाद आणि उत्तर-संरचनावाद शिकविले जाऊ लागले तेव्हाही अनेक अध्यापक विद्यार्थ्यांच्या दोन पाठच पुढे होते. त्यात गैर काही नव्हते. गैर तेथे घडले, जेथे परिभाषेच्या सफाईने निदानाची जागा घेतली: संहितेत काय चिरकते आहे हे ऐकू येत असूनही त्याचे कारण न शोधता संज्ञा उच्चारली गेली. पहिल्या वर्षाला लागलेली ही वाचनाची सवय पुढे प्रबंधाच्या सांध्यापाशी अडते, आणि तोवर पहिल्या वर्षाचा अध्यापक तेथे नसतो.

या उपमेची मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. ‘बलुतं’ किंवा ‘उचल्या’ यांसारखी आत्मकथने वर्गात शिकविली जातात तेव्हा अपरिचित वाद्य अध्यापकाच्या हाती असते, पण समोर बसलेले सर्वच नवशिके नसतात. त्या भाषेचा आणि त्या जगण्याचा श्वास ज्याला घरातूनच मिळाला आहे असा विद्यार्थी मागच्या बाकावर असू शकतो. तेथे अध्यापकापाशी स्वरलिपी असते आणि विद्यार्थ्यापाशी नाद. दोन पाठांचे अंतर उलट दिशेने मोजावे लागते, आणि आधीच्या चार अटींपैकी दुसरीचा अर्थ पालटतो: आपल्या ज्ञानाची रेषा ज्या जाणकारापुढे उघड करावयाची तो जाणकार वर्गातच बसलेला असतो. त्याला साक्षीदार म्हणून उभे करणे हा दुसरा अन्याय होईल. त्याने स्वतःहून बोलावे इतकी जागा मोकळी ठेवणे अध्यापकाच्या हाती आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की, जे येत नाही ते शिकविता येत नाही. पण जे शिकणे चालू आहे ते शिकविता येते, आणि नवशिक्याला कित्येकदा तेवढेच हवे असते. मात्र ते ‘चालू’ असले पाहिजे. ज्या दिवशी छात्राध्यापिका वर्ग संपल्यावर क्लॅरिनेट पेटीत ठेवून देते आणि दुसऱ्या दिवशीच ती पेटी पुन्हा उघडते, त्या दिवसापासून ती दोन पाठ पुढे राहत नाही. ती जेथे होती तेथेच थांबते आणि मुले तिच्यापर्यंत येऊन पोहोचतात. त्यानंतर ती जे सांगेल ते शब्दशः बरोबर असले तरी तिचा अधिकार संपलेला असतो.